आत्मा अमर असेल, तर शरीराच्या पुनरुत्थानाची गरज काय?

पारिजात

माझ्या कार्यालयातील बावीस वर्षांचा सोबती गेल्या महिन्यात वारला. तो वसईचा कॅथलिक होता आणि त्याची पत्नी नगरकडच्या प्रोटेस्टंट कुटुंबातील आहे. दफनाच्या आदल्या रात्री घरी माळेची प्रार्थना (रोझरी) झाली, तेव्हा मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. प्रार्थनेच्या आरंभीच सर्वांनी एका सुरात ‘शरीराच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर’ विश्वास असल्याचे म्हटले आणि तेव्हापासून ते शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी मीही इतरांप्रमाणे मूठभर माती टाकली. ती शवपेटीच्या फळीवर पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

माझा गोंधळ असा आहे. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत तो ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाला’ असे छापले होते. त्याची पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला शांतपणे सांगत होती, की तो आता प्रभूजवळ आहे. त्याच्या आईने मात्र त्याच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा (चर्चमधील उपासना) सांगून ठेवली आहे आणि ती रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. तो झोपला आहे, की देवाजवळ पोहोचला आहे, की अजून वाटेत आहे? तो देवाजवळ पोहोचलाच असेल, तर मातीत ठेवलेले शरीर पुन्हा उठण्याचे प्रयोजन काय? जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो, हे ऐकत मी मोठा झालो. त्यामुळे टाकलेल्या वस्त्राची एवढी काळजी कशासाठी, हे मला उमगत नाही. वादासाठी विचारत नाही. मित्र ज्या विश्वासाने गेला, तो मला समजून घ्यायचा आहे.

सोपारा

पारिजात, प्रथम आपल्या मित्राबद्दल मनापासून सहवेदना. मी कॅथलिक आहे आणि त्याच भागातला आहे, म्हणून आपल्या मित्राच्या आईच्या बाजूने सांगतो.

आमच्या शिकवणुकीप्रमाणे मरणाच्या क्षणी आत्मा शरीरापासून वेगळा होतो आणि प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय तेव्हाच होतो. जो देवाच्या मैत्रीत आणि पूर्ण शुद्ध अवस्थेत गेला, त्याला देवाचे साक्षात दर्शन लगेच घडते. ज्याने देवाला अखेरपर्यंत जाणूनबुजून नाकारले, तो त्या नकारातच राहतो आणि त्यालाच नरक म्हणतात. देवाच्या मैत्रीत जाऊनही ज्याच्यावर आयुष्यभराच्या स्वार्थाचा, रागाचा आणि अर्धवट राहिलेल्या पश्चात्तापाचा लेप उरला आहे, त्याला शुद्धिस्थानातून जावे लागते. येथे एक मोठा गैरसमज आढळतो. शुद्धिस्थान म्हणजे सौम्य नरक नव्हे आणि पुन्हा मिळालेली संधीही नव्हे. तेथे असलेल्याचे तारण निश्चित झालेले असते. तो देवाकडेच निघालेला असतो. आई प्रार्थना करते ती मुलाच्या तारणाविषयी शंका वाटते म्हणून नव्हे. त्याच्या वाटेवर आपणही चार पावले सोबत चालावे, या भावनेने ती प्रार्थना करते. मरणाने मंडळीचे नाते तुटत नाही, ही आमची ठाम समजूत आहे.

‘लगेच’ हा शब्द आज सहज लिहिला जातो, पण त्यावरून चौदाव्या शतकात मोठे वादळ उठले होते. १३३१ साली पोप बाविसावे जॉन यांनी फ्रान्समधील अविन्यो येथील प्रवचनांत असे मत मांडले, की संतांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचे समोरासमोर दर्शन होत नाही. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला, राजदरबारापर्यंत प्रकरण गेले आणि १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी आपले मत मागे घेतले. त्यांच्या नंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये अधिकृत निर्णय दिला, की शुद्ध आत्म्यांना हे दर्शन पुनरुत्थानाच्या आधीच लाभते. मला यात दिलासा वाटतो तो असा, की आपल्याला पडलेला प्रश्न खुद्द पोपनाही पडला होता.

आता आईच्या प्रार्थनेचा आधार. मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथात युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी यहूदी सेनापती यहूदा निधी जमवून यरुशलेमला अर्पण पाठवतो, कारण ते पुन्हा उठतील अशी त्याला आशा असते. हा ग्रंथ आमच्या बायबलमध्ये आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. सासू आणि सून यांच्या बोलण्यात आपल्याला जो फरक दिसला, त्याचे एक मूळ एवढ्या साध्या गोष्टीत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

दोन नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण वसईत आलात, तर हे सारे पुस्तकाविना दिसेल. आठवडाभर आधीपासून लोक कबरींवरचे गवत काढतात, क्रूसावरचे शेवाळ घासतात, नावाची पुसट झालेली अक्षरे पुन्हा रंगवतात. त्या संध्याकाळी झेंडूच्या पाकळ्या आणि मेणबत्त्या यांनी सारी दफनभूमी भरून जाते आणि धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. माझी आजी प्रत्येक कबरीपाशी थांबून आत कोण आहे ते नात्यासकट सांगत असे, जणू माजघरात बसलेल्या माणसांची ओळख करून देत आहे.

भिंगार

मी नगरचा, पाळकाच्या घरात वाढलो. ‘सोपारा’ यांनी जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि आमच्या मतभेदाचे एक मूळही बरोबर दाखवले आहे. तरी त्या पत्नीचे म्हणणे तिच्या बाजूने मांडले पाहिजे, कारण मृतासाठी प्रार्थना न करणे म्हणजे मृताला विसरणे, असा अर्थ काढला जातो आणि तो आम्हाला लागतो.

आमच्या दृष्टीने तारण हे पूर्णतः कृपेने मिळते. ख्रिस्ताने जे पूर्ण केले, त्यात मरणानंतर आपण भर घालू शकत नाही आणि घालण्याची गरजही नाही. वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला येशूने ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे म्हटले. त्या माणसाजवळ ना सत्कर्मे होती, ना शुद्ध होण्यास वेळ. प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शुद्धिस्थानातील आप्तांच्या नावाने गोरगरिबांकडून पैसा गोळा केला जात होता. पुढे १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण त्या नावाने होणाऱ्या धनलोभाला मनाई केली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या दफनविधीत प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी आणि गेलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानण्यासाठी. माझे वडील गेले, तेव्हा मला पहिले काही महिने ही प्रथा फार कोरडी वाटली, हे मी लपवत नाही. रोज रात्री त्यांचे नाव प्रार्थनेत घेण्याची सवय होती आणि आता ते कोणत्या वाक्यात घ्यावे, हे कळेना. मग ‘हे माणूस आम्हाला दिल्याबद्दल’ एवढेच म्हणू लागलो आणि त्यातच सारे मावले.

आता ‘निद्रिस्त’ या शब्दाविषयी. लाजर मेला असता येशू शिष्यांना प्रथम तो झोपला आहे असे सांगतो. शिष्य त्याचा शब्दशः अर्थ घेतात, तेव्हा तो मेला आहे असे उघड सांगतो. प्रेषित पौलही आपल्या पत्रांत मृत विश्वासणाऱ्यांना झोपलेले म्हणतो. मुंबईत आपण सर्रास ज्याला सिमेट्री म्हणतो, त्या शब्दाचे ग्रीक मूळही ‘झोपण्याची जागा’ असेच आहे. जो झोपला तो उठवला जाणार, एवढाच या उपमेचा रोख आहे. ती आत्म्याच्या अवस्थेचे वर्णन करते का, यावर मात्र आमच्यातच मतभेद आहेत. लूथर अनेकदा मरणाला गाढ झोपेसारखे मानून बोलतात. दुसरे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांनी तरुणपणी, १५३४ च्या सुमारास, आत्मा झोपतो या मताविरुद्ध स्वतंत्र निबंध लिहिला. आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे इंग्लंडमधील प्रोटेस्टंटांच्या मतपत्रात, आत्मे मरतही नाहीत व झोपतही नाहीत, असे स्पष्ट शब्दांत आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे बांधव मात्र, ज्यांचे विद्यापीठ पुण्यात औंधला आहे, मरणानंतर पुनरुत्थानापर्यंत कसलीही जाणीव नसते असे मानतात. सुखलोकाच्या त्याच वचनात ते ‘आज’ हा शब्द मागच्या वाक्याला जोडतात: ‘मी तुला आज सांगतो’. मूळ ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते, त्यामुळे वाद व्याकरणापर्यंत पोहोचतो. मला त्यांचे वाचन पटत नाही, कारण येशू ‘मी तुला खचीत सांगतो’ असे अनेकदा म्हणतो आणि त्याला ‘आज’ कधी जोडत नाही. तरीही ते बायबल मनापासून वाचूनच तेथे पोहोचले आहेत, हे मला नाकारता येत नाही.

कऱ्हाकाठ

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण पारिजात यांच्या प्रश्नाचा गाभा अजून शिल्लक आहे: शरीर कशासाठी? आपली अडचण ‘आत्मा’ या शब्दातच आहे, असे मला वाटते.

आपल्या कानावर हा शब्द पडतो, तो ‘न जन्मतो, न मरतो’ या अर्थाला घेऊनच. ख्रिस्ती विचारात आत्मा अनादी नाही. प्रत्येक आत्मा देवाने निर्माण केला आहे. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन यांच्याशी जोडला गेलेला, आत्मे शरीरापूर्वीच अस्तित्वात होते हा विचार सहाव्या शतकात चर्चने नाकारला. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेव्हा माणूस ‘जिवंत नेफेश’ होतो. नेफेश या हिब्रू शब्दात गळा, श्वास, जीव असे सारे अर्थ आहेत. माणसाला नेफेश दिला गेला असे तेथे म्हटलेले नाही. माती आणि श्वास मिळून माणूसच नेफेश झाला. त्याचा ग्रीक प्रतिशब्द ‘प्सूखे’. मराठी भाषांतरकारांची यात कशी ओढाताण झाली ते पाहा: धनवान मूर्खाच्या दाखल्यात आज रात्री तुझा ‘जीव’ मागितला जाईल असे आहे, आणि जे शरीराचा घात करतात पण ‘आत्म्याचा’ करू शकत नाहीत त्यांना भिऊ नका, येथे त्याच ग्रीक शब्दासाठी दुसरा मराठी शब्द आला आहे. दोन्ही ठिकाणी भाषांतर योग्यच आहे. आपल्या भाषेत जीव आणि आत्मा यांच्यामधून जी वाट जाते, ती त्या भाषांत नाही. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, तेव्हाही हीच जोखीम होती. शब्द ओळखीचा असल्याने वाचक जवळ येतो, पण तो आपले जुने अर्थही बरोबर आणतो.

आता वस्त्राची उपमा. योगायोग असा, की पौलही नेमकी हीच उपमा वापरतो, पण उलट दिशेने. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो देहाला तंबू म्हणतो आणि पुढे सांगतो, की हे वस्त्र उतरवून उघडे व्हावे अशी आमची इच्छा नाही. त्यावर आणखी वस्त्र घालावे, म्हणजे जे मर्त्य आहे ते जीवनाने गिळून टाकावे, अशी इच्छा आहे. गीतेत जुने वस्त्र टाकणे ही सहज गोष्ट आहे. पौलाला विवस्त्र होण्याचा संकोच वाटतो. दोन परंपरांमधील अंतर मला इतके स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसलेले नाही.

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी ही गोष्ट चार शब्दांत सांगितली: ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.’ केवळ आत्मा वाचला, तर मी वाचलो असे होत नाही, असे ते म्हणतात. आत्मा हे शरीराचे रूप आहे, हीच भूमिका १३१२ मध्ये व्हिएनच्या परिषदेने मान्य केली. आपल्या मित्राचा विचार करा. बावीस वर्षे आपण ज्याला ओळखत होतात, तो निव्वळ एक शुद्ध चैतन्य नव्हता. त्याचे हसणे, चहाचा पेला धरण्याची त्याची रीत, जिना चढताना कठड्यावर ठेवलेला हात, हे सारे मिळून तो होता. ख्रिस्ती आशा अशी आहे, की यातले काहीही टाकाऊ नव्हते. म्हणून मरण हा शत्रूच मानला जातो, सुटका नव्हे; आणि म्हणून देवाजवळ असलेला आत्मासुद्धा, आनंदात असूनही, कशाची तरी वाट पाहत आहे.

तेच अणुरेणू परत गोळा होतात, असा मात्र याचा अर्थ नाही. पौल गव्हाच्या दाण्याची उपमा देतो: पेरतो तो दाणा, उगवते ते रोप. दोहोंत सातत्य आहे, सारखेपणा नाही. पुनरुत्थित येशूला त्याचे जवळचे लोक प्रथम ओळखत नाहीत. तरी थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत आणि तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. आपण टाकलेली मूठभर माती एका अर्थी पेरणीची होती.

पारिजात

तिघांचेही आभार. ‘विवस्त्र होण्याचा संकोच’ हे वाचून मी बराच वेळ थांबलो. मित्राची पत्नी आणि आई वेगळ्या शब्दांत एकाच दिवसाची वाट पाहत आहेत, एवढे आता कळले. दोन लहान शंका उरल्या आहेत. त्याच्या धाकट्या भावाने ‘मला मात्र जाळा’ असे म्हटले, तेव्हा घरात कुजबुज झाली. कॅथलिकांना ते चालते का? आणि महिन्याच्या मिस्सेला मी हिंदू असून आलो, तर चालेल का?

सोपारा

दहनावर १८८६ मध्ये बंदी घालण्यात आली होती, कारण त्या काळी युरोपात पुनरुत्थान नाकारण्याची जाहीर खूण म्हणून काही गट त्याचा प्रचार करत होते. १९६३ पासून दहनास परवानगी आहे. २०१६ मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केले, की दफनाला प्राधान्य असावे आणि दहन केल्यास रक्षा विखरू नये अथवा पाण्यात सोडू नये. ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. जो अग्नीत गेला, त्याला देव उठवू शकत नाही असे कोणीही मानत नाही.

मिस्सेला अवश्य या. सर्व उभे राहतील तेव्हा उभे राहा, बसतील तेव्हा बसा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत तेवढे जाऊ नका. जागेवर शांत बसलात तरी कोणाला काही वाटणार नाही. नंतर घरचे लोक कबरीवर जातील, तेव्हा त्यांच्याबरोबर जा. मेणबत्ती न्यायची असेल, तर काचेच्या ग्लासातली घ्या. समुद्र जवळ असल्याने संध्याकाळी तिकडे वारा फार असतो.