बॅकग्राउंडमधले ॲप जागे कोणी ठेवायचे?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता): "मेसेजिंगच्या प्रत्येक ॲपला बॅकग्राउंडमध्ये अखंड चालू द्यावे, बॅटरी ज्याची त्याने सांभाळावी," असे काल इथे एका सदस्याने ठासून लिहिले आणि त्याला भरघोस अनुमोदनही मिळाले, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. दहा ॲपनी सर्व्हरशी दहा जोडण्या धरून ठेवल्या, तर प्रत्येक ॲप आपापल्या वेळी मोडेम उठवते आणि बॅटरी खिशातल्या खिशात उतरते. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 ने डोझ (फोन नुसता पडून असताना ॲपची कामे रोखून धरणारी झोप) आणले, 2017 मध्ये अँड्रॉइड 8 ने बॅकग्राउंड सेवांना वेसण घातली, ती याचसाठी. एफसीएम (फायरबेस क्लाउड मेसेजिंग) या गुगलच्या मेसेज पोहोचवणाऱ्या सेवेची एकच सामायिक जोडणी सर्वांचे मेसेज आणते आणि तातडीचा मेसेज डोझमधल्या फोनलाही उठवतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसी: पुस्तकी उत्तर झाले, मालक. टॉवेलच्या काठाचा रंग बदला, असा व्यापाऱ्याचा दुपारचा मेसेज आमच्या सुपरवायझरला संध्याकाळी ॲप उघडल्यावर इतर मेसेजच्या गठ्ठ्यात सापडला. तोवर मागावरून जुन्याच रंगाचा माल उतरला होता. त्याचे पैसे डोझ देणार काय?

जुळे सोलापूरकर: मेसेज साध्या प्राधान्याने पाठवला असेल, तर तो डोझमध्ये थांबणारच. दोष ॲप लिहिणाऱ्याचा आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसी: प्राधान्य तातडीचेच होते. फोनच्याच बॅटरी सेव्हरने ॲप सक्तीने बंद केले होते, आणि तशा बंद ॲपला ते पुन्हा उघडेपर्यंत एफसीएम मेसेज देत नाही, हे आपल्या पुस्तकात नसावे. ॲपला आपोआप सुरू होऊ देणारे ऑटोस्टार्टचे बटण एका फोनमध्ये सेटिंग्जमध्ये असते, तर दुसऱ्यात सुरक्षेच्या ॲपच्या पोटात, आणि काही फोनवर सॉफ्टवेअर अपडेट झाले की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

होटगी रोड: दोघेही गुगल गृहीत धरून भांडत आहात. गुगलच्या सेवा नसलेल्या फोनवर एफसीएम चालत नाही. तिथे सिग्नल हे मेसेजिंग ॲप स्वतःची वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी, जोडणी धरते. युनिफाइडपुशचा, म्हणजे मेसेज कोणत्या सेवेमार्फत यावेत हे आपणच निवडण्याचा, पर्याय असताना सगळ्यांच्या मेसेजची किल्ली एकाच कंपनीकडे का द्यावी?

जुळे सोलापूरकर: ज्यांना गुगल नको, त्यांनी अशा स्वतंत्र जोडणीसोबत येणारी कायमची नोटिफिकेशन पट्टी खुशाल मिरवावी. एमआयडीसीकरांचे सक्तीने बंद करण्याबाबतचे म्हणणे मात्र मान्य करावे लागते. पण ज्या सेव्हरने ॲप मारले, तो आपल्या लाडक्या अखंड सेवेलाही सोडणार नाही. मग कालच्या पोस्टचा उपयोग काय?

अक्कलकोट रोड एमआयडीसी: उपयोग नाही, हे मान्य. सुपरवायझर पुढच्या महिन्यात नवा फोन घेत आहेत. ऑटोस्टार्टचे बटण शोधून द्यायला आपणच कारखान्यावर यावे.