मदत हवी आहे: बंडगार्डनला मोठा मासा गळाला लागतो, पण हाती येत नाही

मंडळी, मुळा-मुठेत गळ टाकणारं कुणी आहे का इथे? (नाक मुरडू नका, खायला नाही, सोडून देतो. त्या पाण्यातला मासा आमच्या मांजरानेही हुंगून सोडला होता.)

गेले तीन रविवार बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पहाटे बसतोय. कणकेत थोडी शेंगदाणा पेंड आणि हिंग मळून गोळी लावतो. चिलापी हव्या तेवढ्या मिळतात, तळहाताएवढ्या. पण गेल्या रविवारी वेगळंच झालं. फ्लोट बुडाला नाही, आडवा पडून सरकत गेला. झटका दिला तर रीळ किंचाळायलाच लागलं. पाण्यावर एकदाच रुंद, करडी पाठ दिसली, मग तो जलपर्णीत घुसला आणि ०.२५ मिमीची तंगूस (नायलॉनची दोरी) तटकन तुटली. बोट कापलं ते वेगळंच.

माझ्या मते कटला असावा. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खातोही वरच्या थरात, आणि माझी गोळी जेमतेम दीड फुटावर होती. मित्र म्हणतो मांगूर. पण मांगूर तळाशी चरतो ना?

आता ०.४० ची तंगूस घेऊ की ब्रेडेड (धागे विणलेली दोरी)? जलपर्णीत शिरण्याआधी त्याला वळवायचं कसं? ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळला की गळ सरळ होतो, सैल ठेवला की तो पसार. आणि खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर साधारण किती दिवसांनी बसण्यात अर्थ आहे?

‘पवनेला जा’ सांगू नका, प्लीज. मला हाच हवाय.