किड्याच्या सांध्यातलं वंगण: संधिद्रव, स्नेहक की ग्रीस?

भुंगेरा: झोफोबास मोरिओ या भुंगेऱ्याबद्दल मराठीत लेख लिहितोय. त्याच्या मांडी-नडगीच्या सांध्यात साधारण 1 मायक्रॉन व्यासाच्या छिद्रांतून प्रथिनयुक्त पदार्थ बाहेर येतो. जर्मनीतल्या कील विद्यापीठातले संशोधक नादाइन, गोर्ब आणि सहकाऱ्यांचं हे काम 2021 मध्ये आलं. या पदार्थाला संधिद्रव (आपल्या सांध्यातल्या द्रवासारखं) म्हणावं की स्नेहक (लुब्रिकंट)?

आसकणा: संधिद्रव नकोच. आपल्या गुडघ्याभोवती बंद पिशवी असते, द्रव तिच्यात राहतो. किड्याचा सांधा उघडा आणि पदार्थ अर्धघन. स्नेहक पुस्तकी वाटतो. वर्कशॉपमध्ये कुणी ‘स्नेहक टाक’ म्हणत नाही. सरळ वंगण म्हणा. गाडीच्या आसाला घालायचं तेच, काहींकडे त्याला ओंगण म्हणतात. पातळ असो वा घट्ट, शब्द चालतो.

भुंगेरा: अर्धघन आहे, तर ग्रीस?

आसकणा: ग्रीस ही एक विशिष्ट घडण आहे: बहुतांश तेल, आणि ते धरून ठेवायला लिथियम साबणासारखा घट्टकारक. (म्हणूनच न जुळणाऱ्या घट्टकारकांची दोन ग्रीस मिसळली की मिश्रण पातळ होऊन बेअरिंगमधून गळू शकतं.) इथे प्रथिनच मुख्य. हलक्या दाबाखाली त्याचे तुकडे रोलरसारखे वागतात, दाब वाढला की चेपून पसरतात. काचेवर काच कोरडी घासली तर घर्षणांक (घर्षण किती, याचं माप) 0.35, मध्ये हा पदार्थ असला तर 0.13. म्हणजे टेफ्लॉनच्या पंगतीत. ‘अर्धघन वंगण’ लिहा. क्रियापदही सांभाळा: वंगण आपण घालतो, किड्याच्या सांध्यात ते पाझरतं.

एरंडेल: लेखात ‘ग्रीन लुब्रिकंट’ (पर्यावरणाला कमी घातक वंगण) आलं तर त्याचं ‘हिरवं वंगण’ करू नका. ग्रीसमध्ये रंग घालतात. दुकानदार हिरव्या ग्रीसचा डबा पुढे करेल. ‘जैव-वंगण’ही जपून वापरा, त्यातून कच्चा माल कुठला एवढंच कळतं. खनिज तेलापासून बनवलेली काही एस्टर नावाची रसायनं सहज कुजतात, आणि वनस्पतिजन्य माल रासायनिक बदल केल्यावर कुजेलच असं नाही. कुजण्याबद्दल सांगायचं असेल तर ‘जैवविघटनशील’ लिहा, आणि कसोटीही द्या: ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 301 क्रमांकाच्या कसोटीतल्या श्वसनमापी चाचणीत (सूक्ष्मजीव पदार्थ कुजवताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणारी) 28 दिवसांत किमान 60% विघटन.

भुंगेरा: शीर्षक ‘किड्यांपासून वंगण’ चालेल?

एरंडेल: किडे पिळून काढल्यासारखं वाटतं. ‘किड्यांच्या सांध्यावरून सुचलेलं वंगण’ करा.