'सहा झबली पुरतात' म्हणे. धुतो कोण?

झोपमोड
परवा 'जाणता बाप' यांनी होणाऱ्या आईबापांसाठी यादी टाकली: "बाळ यायच्या आधी सहा झबली, बारा लंगोट, दोन दुपटी. बस्स. बाकी सगळी दुकानदारांनी लावलेली हौस. आमचं बाळ यातच वाढलं." खाली वा वा, अगदी मनातलं, साधी राहणी वगैरे. मीही तिथेच चार ओळी लिहून गप्प बसणार होते. पण चार ओळींत राग मावला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी हीच सहा झबल्यांची यादी घेऊन बाळंत झाले होते. नवव्या दिवशी रात्री अडीचला सहावं झबलं भिजलं. आधीची पाच दोरीवर, ओलीकच्च, कारण दोन दिवस ऊन नव्हतं. त्या रात्री बाळ नवऱ्याच्या बनियनमध्ये गुंडाळून झोपलं. बाळ मजेत होतं. मी रडत होते.

आता हिशेब. दूध गाळणं, लंगोटाच्या कडेने पाठीवर चढलेली शी, आणि लंगोट सोडल्या सोडल्या उडालेलं कारंजं, हे सगळं धरून दिवसाला चार-पाच झबली सहज जातात. धुणं दिवसातून एकदा. दमट हवेत वाळायला दीड-दोन दिवस. म्हणजे पाच दुणे दहा आणि अडीनडीला दोन. झाली बारा. लंगोटांचं तर विचारूच नका. पहिला आठवडा सरला की बाळ दिवसाला कमीत कमी सहा वेळा शू करतं, आणि हे 'दूध पुरतंय ना' हे बघायचं किमान माप आहे. प्रत्यक्षात शी धरून माझे पंधरा लंगोट व्हायचे. बारा लंगोटांत माझा दिवससुद्धा मावळत नव्हता.

आणि दोन दुपटी? एक खाली, एक वर. दोन्ही भिजली की काय, वर्तमानपत्र?

काटकसर
हिशेब पटला, पण एक विसरलात. झबली कुठल्या मापाची? माझी लेक जन्मतः ४.१ किलो. मी नवजात मापाची दहा आणली होती. तीन कशीबशी चार दिवस घातली, सात घडी न मोडता वाटून टाकली. बाळ जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर असतं आणि पहिल्या काही महिन्यांत दर महिन्याला तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढतं. सगळ्यात लहान माप हे सरळ पाण्यात घातलेले पैसे आहेत. ज्या कपड्यांवर सेंटिमीटरमध्ये माप असतं त्यात ५६ किंवा ६२ घ्या. वाढत्या अंगाचेच घ्यावेत, बाह्या दुमडता येतात.

चिमूटभर
@काटकसर, ४.१ किलोवाल्यांनी सगळ्यांना सल्ले देऊ नयेत. माझा मुलगा ३३व्या आठवड्यात झाला, १.८ किलो. तुमच्यासारख्याच एका ताईंचं ऐकून वाढत्या अंगाचे कपडे भरून ठेवले होते. गळा खांद्यावरून खाली घसरायचा आणि झोपेत सगळं कापड तोंडावर यायचं. शिवाय छातीला वायरी लावलेल्या, त्यामुळे डोक्यातून घालायचं एकही झबलं चाललं नाही. शेवटी बहिणीने रात्री बसून जुन्या मऊ सुती कापडाची, पुढून उघडणारी, बंदांची चार झबली शिवून दिली. तीच कामाला आली. तुमच्या ६२ मापात तो पाचव्या महिन्यात शिरला.

काटकसर
मी 'सगळ्यांनी' कुठे म्हटलं? बरं, दोन लहान घ्या, बाकी मोठी. खूश?

चिमूटभर
चार.

जाणता बाप
माझ्या नावाने धागा निघालाय असं कळलं म्हणून आलो. माझं वाक्य अर्धवट उचललंय. मी 'बाळ यायच्या आधी' असं स्पष्ट लिहिलं होतं. बाळ आल्यावर दुकानं बंद होतात का? माप कळत नाही, हवा कशी असेल कळत नाही, भेटीत किती कपडे येतील कळत नाही. अशा वेळी कमी घ्या आणि लागतील तसे आणा, यात चुकलं काय? आमच्याकडे भेटीतच एवढे आले की अर्धे अंगाला लागले नाहीत. आणि कपडे धुवायचं यंत्र नावाची गोष्ट निघालेली आहे. बनियनचं ऐकून वाईट वाटलं, पण त्याला यादी जबाबदार नाही.

झोपमोड
दुकानं बंद होत नाहीत हो. टाके पडलेली बाई बंद असते. 'लागतील तसे आणा' या वाक्यातलं आणणारं माणूस कोण, हे तुमच्या यादीत कुठेच नाही. भेटीतले कपडे म्हणाल तर लोक सहा महिन्यांच्या मापाचे, झालरीचे, पाठीवर बटणांचे आणतात. पाठीवर बटणं! जे बाळ चोवीस तास पाठीवर झोपतं त्याला!

निमूट
टिचबटणं की बंद? मी टिचबटणांच्या बाजूने. रात्री तीनला गाठ सुटत नाही.

जुनं ते सोनं
सगळ्यांचं वाचलं. आजकाल प्रत्येक गोष्टीचा केवढा बाऊ! एकही नवं झबलं घेऊ नका असं माझं मत आहे. नव्या कापडाला खळ असते, रंग असतो, शिवण टोचते. धुवून धुवून मऊ झालेलं जुनं झबलं बाळाला मानवतं. माझ्या दोन्ही मुलांची आणि नंतर पुतण्यांची झबली, टोपडी, दुपटी मी पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवली आहेत. तीस वर्षांत एकाला भोक नाही. पुढच्या महिन्यात सुनेची तारीख आहे, तेव्हा काढणार. खर्च शून्य. घ्या, संपला तुमचा वाद.

दुसरी पाळी
आजी, थांबा. डांबरगोळ्या?

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते, म्हणून कळकळीने सांगते. त्या ट्रंकेतलं काहीही बाळाच्या अंगाला लावू नका. डांबरगोळ्यांमधलं नॅप्थलीन कापडात मुरतं आणि तिथून श्वासातून, कातडीतून बाळाच्या शरीरात जातं. काही बाळांत जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलग्यांत हे जास्त आढळतं. अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्या बाळात ते एन्झाइम कमी आहे की नाही, हे तपासणी केल्याशिवाय घरात कुणालाच माहीत नसतं.

जुनं ते सोनं
माझी दोन, दिराची तीन, पाच पोरं त्याच कपड्यांत वाढली. पाचही धडधाकट, एक तर तुमच्यासारखाच डॉक्टर आहे. कापडाच्या वासाने पोरं मरत असती तर आपण कुणीच इथे वाद घालायला उरलो नसतो. नव्या पिढीला जुन्या माणसांचं काहीतरी वाईट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसरी पाळी
मी डॉक्टर नाही, परिचारिका आहे. पाच पोरांना काही झालं नाही, कारण पाचांनाही ती कमतरता नसणार. सहावं तुमच्या सुनेचं आहे. तिच्या माहेरून काय आलंय ते तुमच्या ट्रंकेला कसं कळणार?

कळलाव्या
ट्रंकेला सुनेचं माहेर काढायला लावलं, आता धागा शंभरी गाठणार. (दिवे घ्या.)

रसायनवाला
सगळ्या गोळ्या नॅप्थलीनच्या नसतात. काही पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या असतात. सरसकट विधान करू नये.

दुसरी पाळी
बरोबर. मग तीस वर्षांपूर्वीच्या ट्रंकेतली गोळी कुठली ते तुम्ही जाऊन हुंगून या. आम्ही तोपर्यंत बाळाला बाजूला ठेवतो. ती दुसरी गोळीसुद्धा काही बाळासाठी बनवलेली नाही.

आत्या
एरवी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझा भाचा चौथ्या दिवशी पिवळा पडायला लागला. सगळे म्हणाले, होतं, बऱ्याच बाळांना होतं. खरंच होतं म्हणून आम्हीही गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दूध प्यायलाही उठेना. नेलं तेव्हा आकडा बघून तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला: "कपडे कुठले घातलेत? डांबरगोळ्यांतले का?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. कपडे मी काढून दिले होते, माझ्याच मुलीचे, कपाटातून, मोठ्या हौसेने.

कावीळ कपड्यांमुळेच झाली असं कुणी ठामपणे म्हणालं नाही. जी६पीडी कमी निघालं, एवढं खरं. निळ्या दिव्याखाली ठेवलं, एकदा रक्तही बदलावं लागलं. आता तो दुसरीत आहे, उत्तम आहे. पण त्या बाईंचा प्रश्न मला अजून ऐकू येतो. आजी, तुम्हाला दुखवायचं नाही. फक्त ती ट्रंक उघडू नका.

काटकसर
धुवून उन्हात टाकले तर चालत नाहीत का? एवढे कपडे फेकायचे म्हणजे जिवावर येतं.

दुसरी पाळी
तुम्ही स्वतः हुंगून बघा, तीन धुण्यांनंतरही येतो वास. वर्षानुवर्षं मुरलेलं आहे ते. मोठ्या माणसाने वापरायचे तर धुवा, वाळवा, वापरा. नवजात बाळासाठी मी हा जुगार खेळणार नाही. शेजारणीच्या मुलाचे सहा महिन्यांपूर्वीचे, गोळ्या न घातलेले जुने कपडे खुशाल घ्या. जुन्याला माझा विरोध नाही, मीही मुलीला जुनेच घातले.

जुनं ते सोनं
मग कापराच्या वड्या घालून ठेवायचे का? त्यालाही काही निघेल तुमचं.

दुसरी पाळी
निघेल. कापूर लहान मुलांना विषारीच. पोटात गेला तर फिट येऊ शकते, म्हणून बाळाच्या आसपास तोही नको.

रसायनवाला
गंमत सांगू का? कसरीच्या ज्या अळ्या कपडे कुरतडतात त्यांना लोकर, रेशीम लागतं. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत. म्हणजे सुती झबल्यांना त्या गोळ्यांची गरजच नव्हती. धुवून, कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली असती तरी टिकली असती.

जुनं ते सोनं
तीस वर्षं दरवर्षी गोळ्या बदलल्या मी.

कळलाव्या
🙏

जुनं ते सोनं
बरं. ट्रंक नाही उघडत. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "मला वासच सहन होत नव्हता, पण तुम्हाला कसं सांगायचं." म्हणजे तिला आधीपासून नकोच होती! हे मला घरात कुणी सांगत नाही, इथे येऊन कळतं. पण परिचारिकाबाई, माहेर काढायची गरज नव्हती. सांगायचीही एक पद्धत असते.

दुसरी पाळी
माहेराचं चुकलं. बाकीचं पुन्हा असंच सांगेन.

निमूट
हातमोजे किती घ्यावेत?

चिमूटभर
शून्य. नखं कापा.

काटकसर
शून्य कसे? माझ्या लेकीने गाल ओरबाडून काढले होते. तीन जोड घ्या.

चिमूटभर
घ्या, पण आधी उलटे करून बघा. आतला सुटा धागा किंवा तुमचाच गळलेला केस बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजून निळं पडतं, आणि मोज्याच्या आत कुणाला दिसत नाही. पायमोज्यांनाही तेच.

जाणता बाप
दोन दिवस मी गप्प होतो, कारण हा प्रकार मी घरी वाचून दाखवला. अपेक्षा अशी होती की बायको म्हणेल, आपली सहाच तर होती. ती म्हणाली, "हो, सहाच होती. आई दिवसातून तीन वेळा धुवायची आणि पावसात एकेक झबलं इस्त्रीने वाळवायची. तुला दुपारी आल्यावर घडी केलेली दिसायची."

मला खरोखरच वाटत होतं की सहा झबली पुरतात. यादी दुरुस्त करतो. झबली दहा. बारा म्हणणार नाही, कारण 'झोपमोड' यांचा पाचाचा आकडा मला अजून फुगवलेला वाटतो.

झोपमोड
दहा? जाहीरपणे? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आता तुमच्या बाळाने दिवसाला किती झबली बदलली हेही सासूबाईंनाच विचारा, तुम्हाला घडी केलेली दिसायची.

हेही कबूल करते की माझ्या बारांतली दोन वापरलीच गेली नाहीत. पण ती कपाटात आहेत म्हणून मला झोप लागायची.

आठवा महिना
पहिल्यापासून वाचतेय. घाबरवलंत सगळ्यांनी. आकडा सांगा ना कुणीतरी, उद्या खरेदीला जायचंय.

चिमूटभर
झबली दहा, त्यात लहान मापाची चार. पुढून उघडणारी. नवी असली तरी आधी एकदा धुवा.

काटकसर
लहान दोन.

दुसरी पाळी
लंगोट तीस, वापरून टाकायचे डायपर रात्री लावणार असाल तर वीस. दुपटी सहा. नाळ गळेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा. टोपडी दोन पुरतात, घरात झोपताना डोकं झाकायचं नाही.

निमूट
टिचबटणं.

कळलाव्या
सहा झबली आणि 'जाणता बाप' यांच्या सासूबाई.

जाणता बाप
सासूबाई मिळणार नाहीत. बायको म्हणते, त्यांनी आता गुडघ्यांचं कारण सांगितलंय.

जुनं ते सोनं
कुणाला पत्र्याची ट्रंक हवी आहे का? मोठी आहे, कडी-कोयंडा शाबूत. रिकामी केली आहे. लहान मूल असलेल्यांनी विचारू नये.