मिराज, सीटी बाजू: दोघं असूनही ए साइट का जाते?

कोपरा_पकड:
काउंटर-स्ट्राइक २ या शूटर गेममध्ये मिराज नकाशावर सीटी (बॉम्बच्या दोन साइट, ए आणि बी, राखणाऱ्या) बाजूने आमची मांडणी अशी, नावं सगळी नकाशावरच्या जागांची: ए ला दोघं (एक तिकीटपाशी, एक स्टेअर्सवर), एक कनेक्टरमध्ये, एक खिडकीत, एक बी ला. टीवाले (बॉम्ब लावणारे) सीटी (आमच्या सुरुवातीच्या जागेकडची वाट), स्टेअर्स आणि जंगलवर तीन स्मोक (धुराचे ग्रेनेड) टाकतात आणि रॅम्प, पॅलेस दोन्हीकडून एकदम घुसतात. बॉम्ब लागेपर्यंत आमची एक गोळी चालत नाही. स्मोकमधून बाहेर पडलो तर एकेक करून मरतो. बी चा एकटा मदतीला धावला की ते बी कडे वळतात. आकडे बदलायचे की जागा?

व्हॅनमागे:
आकडे राहू दे, जागा बदल. ते तीन स्मोक कुठे पडतात बघ: तुमचे दोघंही त्यांच्या मागे अडकतात. म्हणजे कागदावर ए ला दोघं, प्रत्यक्षात साइट रिकामी.

एकाला स्मोकच्या पुढे, साइटच्या आत बसव. पॅलेसच्या बाल्कनीखाली, फायरबॉक्सच्या मागे किंवा सँडविचला. दुसरा तिकीटलाच. बाल्कनीखालचा फक्त रॅम्पचं तोंड धरतो, तिकीटवाला पॅलेसकडे बघतो. रॅम्पवरून आलेला खालच्याकडे वळला की तिकीटवाल्याला त्याची कूस उघडी मिळते. क्रॉसफायर म्हणजे एवढंच, पण त्यासाठी दोघांनी एकाच रेषेत उभं राहायचं नाही. एका रेषेत असलात तर एकच फ्लॅश दोघांना आंधळं करतो आणि एकच स्प्रे दोघांना घेतो.

खालच्याने पहिला दिसताच गोळी झाडायची घाई करू नये. एक पुढे जाऊ दे, दुसरा दिसला की मार. आणि दर राउंडला तीच जागा नको. तिसऱ्या वेळी तिथे मॉली (आगीचा ग्रेनेड) येणारच.

अजून एक, फार जण इथे चुकतात: कोपऱ्याला खांदा लावून उभं राहू नका. समोरचा कोपऱ्यापासून लांब असेल तर तुमचा खांदा त्याला आधी दिसतो, तो तुम्हाला नंतर. भिंतीपासून दोन-तीन पावलं मागे या.

रोटेट_थांबव:
वरचं बरोबर आहे, पण बी चा प्रश्न सुटला नाही. बी वाल्याने आवाजावर हलायचं नाही. ए ला बॉम्ब दिसला किंवा चार जण मोजले गेले, तरच. तोवर आधी सरकतो कनेक्टरवाला, मग खिडकीवाला जंगलमार्गे. खिडकी सुटली की शॉर्ट (मधून बी कडे येणारी वाट) उघडा पडतो आणि बी वाल्याला किचनच्या बाजूने घेरता येतं, म्हणून त्याने त्याच वेळी व्हॅन सोडून मार्केटमध्ये मागे यायचं.

कॉल देताना ‘ए ला आले’ म्हणून काही कळत नाही. ‘रॅम्प तीन, पॅलेसमध्ये एकाची पावलं, बॉम्ब दिसला नाही’ असं सांगा. शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

कोपरा_पकड:
समजलं. पण साइटच्या आतला पहिल्याच मॉलीत मेला तर? स्मोकच्या मागे उरलेल्यांनी काय करायचं?

किट_घ्या:
मग साइट सोडायची आणि रिटेक करायचा, म्हणजे नंतर एकत्र जमून ती परत घ्यायची. स्मोकमधून एकेकाने निघणं हीच मूळ चूक आहे. बाहेर पडणारा समोरच्याला काठावर आधी दिसतो, आणि त्याची नेमकी तिथेच नेम धरून वाट बघत असतात.

घाई नसेल तर स्मोक विरू द्या. मध्येच बघायचंच असेल तर जंगलमधून स्टेअर्सच्या स्मोकमध्ये एचई (स्फोटाचा ग्रेनेड) टाका. स्फोटाने क्षणभर भोक पडतं, पण ते लगेच भरतं. त्यामुळे दुसऱ्याने आधीच बंदूक रोखून ठेवलेली हवी. एचई पडल्यावर नेम शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो. लक्षात ठेवा, त्या भोकातून तेही तुम्हाला बघतात.

वेळेचा हिशोब पाठ असू द्या. प्लांटनंतर (बॉम्ब लागल्यावर) तो फुटायला ४० सेकंद. डिफ्यूजला (बॉम्ब निकामी करायला) किट असेल तर ५, नसेल तर १०. म्हणजे किटवाल्याने ३५व्या सेकंदापर्यंत आणि बिनकिटवाल्याने ३०व्यापर्यंत बॉम्बवर हात ठेवला पाहिजे. पहिली दहा-बारा सेकंदं जमायला घ्या: एक जंगलमध्ये, एक सीटीत, जमलं तर एक कनेक्टरमधून. एकाचा फ्लॅश फुटताच तिघंही एकदम पीक करा (आडोशाबाहेर या).

४०० डॉलरचं किट निदान दोघांकडे हवं. एकाकडेच असलं आणि तोच आधी पडला तर किट त्याच्या मृतदेहापाशी पडतं. ते उचलता येतं, पण बऱ्याचदा ती जागा टीच्या नजरेत असते.

व्हॅनमागे:
याला जोडून: प्रत्येकाला जास्तीत जास्त चारच ग्रेनेड बाळगता येतात, त्यात फ्लॅश दोन. रिटेकसाठी एक फ्लॅश तिकीटवाल्याने राखूनच ठेवावा. सुरुवातीला रॅम्प रोखण्यात सगळे ग्रेनेड संपवले तर नंतर कोरड्या हाताने शिरावं लागतं. आणि रॅम्पवर इन्सेंडियरी (मॉलीसारखाच आगीचा ग्रेनेड) टाकायची तर पावलं ऐकू आल्यावर टाका. दर राउंडला ठरलेल्या सेकंदाला टाकलीत तर ते ती विझेपर्यंत थांबतात आणि मग निवांत चालत येतात.