'लॉरेन्स ऑफ अरेबिया' फोनवर पाहिला तर पाहिला म्हणायचं का?

वाळूचा कण:
पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या अरबांना साथ देणाऱ्या लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा, १९६२चा हा सिनेमा काल पहिल्यांदा पाहिला. घरच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून, एका बैठकीत, जवळजवळ पावणेचार तास. विहिरीचा प्रसंग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफास विहिरीवर पाणी प्यायला थांबलेत. लांब मृगजळात एक काळा ठिपका थरथरतोय. संगीत अजिबात नाही. ठिपक्याचा हळूहळू उंटस्वार होतो, मग गोळी सुटते आणि तफास कोसळतो. विहीर दुसऱ्या टोळीची, एवढाच त्याचा गुन्हा! दिग्दर्शक डेव्हिड लीननं हे ७० मिमीसाठी, म्हणजे भव्य पडद्यासाठी चित्रित केलंय. फोनवर तो ठिपकाच दिसणार नाही, मग जीव मुठीत धरून वाट कशाची बघायची? मी तर म्हणेन, फोनवर पाहिला असेल तर पाहिला म्हणूच नका.

कर्जत लोकल:
साफ नामंजूर. मी फोनवरच पाहिला, चार दिवस जाता-येता. ठिपका उशिरा दिसला, कबूल. पण अरब राजपुत्र फैसलच्या भूमिकेत गोरा अ‍ॅलेक गिनेस, अरब टोळीप्रमुख औदाच्या भूमिकेत खोटं नाक लावलेला अँथनी क्विन, हे मला स्वच्छ दिसलं. शेवटी जिंकलेल्या दमास्कस शहरातल्या सभेत अरब नुसते भांडतात. अख्ख्या सिनेमात एकाही बाईच्या तोंडी संवाद नाही. वाळवंट इतकं देखणं टिपलंय की मोठ्या पडद्यावर माणूस हे सगळं विसरून जातो. मी विसरले नाही.

वाळूचा कण:
नाकाचं मान्य, मलाही ते खुपलं. पण सिनेमा लॉरेन्सची आरती ओवाळत नाही हो. नेफूद वाळवंटात मागे राहिलेल्या गासिम या अरब साथीदाराला तो जिवावर उदार होऊन परत आणतो. पुढे गासिम दुसऱ्या टोळीतल्या माणसाला मारतो, तेव्हा टोळ्यांमध्ये वैर पेटू नये म्हणून त्याच गासिमला स्वतःच्या हातानं गोळ्या घालतो आणि नंतर कबूल करतो की मारताना मजा वाटली. नायकाच्या तोंडी हे घालायला छाती लागते.

जुना डोअरकीपर:
तो गासिम म्हणजे आपले हिंदी सिनेमातले आय. एस. जोहर! आणि तफास झालेत पाकिस्तानचे झिया मोहिउद्दीन. विहिरीवर गोळी झाडणाऱ्या शरीफ अलीच्या भूमिकेतला ओमर शरीफ तर इजिप्तचाच. म्हणजे सगळीच गोऱ्यांना रंग फासून केलेली सोंगं नव्हती, ताई.

कर्जत लोकल:
काका, जोहरांचं माहीत नव्हतं, आता तो भाग पुन्हा बघते. पण तुम्हीच आठवून बघा. गोळ्या घातल्यावर लॉरेन्स पिस्तूल फेकून देतो आणि अरब त्या पिस्तुलावर तुटून पडतात. गासिमसाठी रडणारं एक माणूस दाखवलंय का?