ट्रेडमिलची लाल दोरी आणि घाबरट लोक

मधुमालती: काल इथे एका काकांनी लिहिलंय, "ती लाल दोरी शर्टाला अडकवून चालणारे बघितले की हसू येतं. तोल सांभाळता येत नसेल तर आधी चालायला शिका." उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

चालायला मी वयाच्या पहिल्या वर्षीच शिकले हो. गेल्या दिवाळीत वेग ७, मोबाइल समोरच्या खाचेत. वन्संचा फोन आला, मोबाइल थरथरत घसरला आणि मी झेलायला वाकले. एवढंच. पट्ट्यानं मागे फेकलं, मागे फुटावर भिंत. पडलं की संपलं असं लोकांना वाटतं. खरं तर तिथून सुरू होतं! भिंत मागे जाऊ देत नाही, पट्टा खालून फिरतच असतो, कातडी खोबऱ्यासारखी किसली जाते. नवरा आंघोळीला. लाल दोरीच्या टोकाची चावी मशीनमध्ये जागेवरच होती, दोरी छान गुंडाळून ठेवलेली. ती कपड्यालाच अडकवलेली असती तर पडताक्षणी चावी निघाली असती आणि पट्टा थांबला असता. डावा गुडघा अजून काळाच आहे. आता दिवाण हलवून मागे दोन मीटर जागा केलीय.

वेताळटेकडी: ते काका मीच. ताई, मोबाइल झेलायला तुम्ही वाकलात, त्यात दोरीचा काय संबंध? ३० वर्षं टेकडी चढतोय, गुडघ्यांमुळे गेल्या पावसाळ्यापासून मशीनवर. दोरी लावली नाही, पडलो नाही.

बाबा_ड्यूटीवर: "पडलो नाही" हाच पुरावा असेल तर हेल्मेटही भंगारात द्या. आणि चावी फक्त चालणाऱ्यासाठी नसते. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीनं ट्रेड प्लस हे ट्रेडमिलचं मॉडेल परत मागवलं, सुमारे सव्वा लाख मशीनं. एक मूल मागच्या बाजूनं पट्ट्याखाली ओढलं जाऊन दगावलं होतं. आमची चार वर्षांची आहे, तिला ती घसरगुंडी वाटते. काम झालं की चावी काढून साबुदाण्याच्या डब्यात.

तिसरा_मजला: चावी कुठेही ठेवा, पहाटे साडेपाचला आमच्या डोक्यावर धाड धाड होतं त्याचं काय? वरचे म्हणतात, रबरी मॅट घातलीय. मॅट नव्हे, योगासनाची चटई आहे ती! पंख्याचा दांडा हलतो. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणे, "व्यायामच करतायत ना."

मधुमालती: अवांतर नको. धाग्याचा काश्मीर होईल.

तिसरा_मजला: तुमची कातडी ती कातडी, आमची झोप अवांतर?

घामाघूम: +१. आमच्याकडे उलट, खालच्या आजी झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. मी चालतोय, धावतही नाही! सोसायटीत पोरांचे वाढदिवस रात्री १२ ला चालतात तेव्हा कुणाला त्रास नसतो. असो. माझा किस्सा वेगळाच. १२-३-३० (चढ १२, वेग ३, ३० मिनिटं) हा चालण्याचा व्यायाम बघून चढ १२, वेग ३ लावला, महिनाभर "काय सोपंय" म्हणत होतो. तो ३ मैलांचा होता, आपलं मशीन किलोमीटरचं. मग ४.८ लावला, दांड्याला लोंबकळून अर्धा तास काढला आणि खांदे धरले.

वेताळटेकडी: लोंबकळायचं तर चढ कशाला? तोल जाईल तेव्हा दांडा धरावा. एरवी हात सुटे हवेत. सुरू करताना मात्र पाय दोन्ही बाजूंच्या कडेला, पट्टा हळू फिरायला लागला की मग पाऊल. इतकं मलाही कळतं.

बाबा_ड्यूटीवर: काका, तुम्ही तर नियमच सांगायला लागलात!

वेताळटेकडी: टोमणे पुरे. आज लावली दोरी, खुश? मुद्दाम ओढूनही बघितली. पट्टा जागच्या जागी थांबत नाही, दोन-तीन पावलं सरकतो मगच थांबतो. हे कुणीच लिहिलं नव्हतं. तरी शर्टाला अडकवलेली ती दोरी बकऱ्याच्या दाव्यासारखी दिसते, हे मत कायम.

तिसरा_मजला: किती वाजता ओढून बघितलीत? आणि कुठली सोसायटी?